ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान

ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान (८ एप्रिल १८१८, गीसेन – ५ मे १८९२, बर्लिन) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. ॲनिलीन व अमाइन वर्गातील संयुगांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. रेणूंच्या प्रतिकृतींत प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक रंग देण्याची प्रथाही त्यांच्यापासून रूढ झाली. संगणकाच्या पडद्यावरील रेणूंत आज ऑक्सिजन तांबडा आणि नायट्रोजन निळा दिसतो, त्याचे मूळ या प्रथेत आहे.

जीवन

गीसेन विद्यापीठात हॉफमान यांनी आरंभी कायदा व भाषाशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्या प्रभावाने ते रसायनशास्त्राकडे वळले. १८४५ मध्ये लंडनच्या नव्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे ते पहिले संचालक झाले. दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्ये हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. त्यांचे विद्यार्थी विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये हिवतापावरील कोयनेल कृत्रिमरीत्या बनवण्याचा प्रयत्न केला. कोयनेल काही साधले नाही, परंतु जांभळा रंग हाती लागला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८६५ मध्ये हॉफमान बर्लिन विद्यापीठात गेले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होत. १८७५ मध्ये त्यांना कोपली पदक मिळाले.

रंगीत अणू

लंडन सोडण्यापूर्वी, ७ एप्रिल १८६५ रोजी, त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अणूंच्या संयोगशक्तीवर व्याख्यान दिले. विषय अमूर्त होता. म्हणून त्यांनी क्रोके या मैदानी खेळाचे लाकडी चेंडू रंगवून घेतले व ते धातूच्या दांड्यांनी जोडून दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा होता. हायड्रोजनाला एक, ऑक्सिजनाला दोन, नायट्रोजनाला तीन व कार्बनाला चार बाहू होते. काळ्या चेंडूभोवती चार पांढरे चेंडू दिसले की तो मिथेनचा रेणू, हे दूर बसलेल्यालाही कळे. एकेकट्या अणूला डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. येथे रंग ही केवळ ओळखीची खूण होती.

या प्रतिकृतींत मोठी उणीव होती. कार्बनाचे चारही बाहू एकाच प्रतलात होते. ते चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे रोखलेले असतात, ही कल्पना १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडली. आकार असा मागे पडला, रंग मात्र टिकले. १९५३ मध्ये रॉबर्ट कोरी व लायनस पॉलिंग यांनी प्रथिनांच्या प्रतिकृतींसाठी कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे हेच रंग वापरले. वॉल्टर कोल्टन यांनी त्या प्रतिकृती सुधारल्या. या तिघांच्या आद्याक्षरांवरून ही रंगयोजना 'सीपीके' म्हणून ओळखली जाते. हॉफमान यांचे नाव तीत नाही.

संगणकाच्या काळ्या पार्श्वभूमीवर काळा कार्बन दिसेनासा होतो, म्हणून रासमोलसारख्या प्रणालींनी तो करडा केला. पायमोलमध्ये प्रत्येक नव्या रेणूतील कार्बनाला निराळा रंग दिला जातो, त्यामुळे एकमेकांवर ठेवलेली दोन प्रथिने वेगळी ओळखता येतात. ऑक्सिजन व नायट्रोजन मात्र तेथेही तांबडे आणि निळेच असतात.