डॉक्टर हाफकिन यांचे चरित्र

मुलांस लस टोचावयास माणूस गावात आला म्हणजे कित्येक आया आजही घाबरतात. अशांनी डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र अवश्य ऐकावे.

त्यांचा जन्म सन १८६० मध्ये ओडेसा शहरी एका यहुदी घराण्यात झाला. पुढे ते पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे प्रथम त्यांजकडे पुस्तकालयाचे काम होते. सन १८९२ त त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, व तिची परीक्षा प्रथम स्वतःच्या देहावर पाहिली. दुसरे वर्षी ते हिंदुस्थानात आले.

सन १८९६ त मुंबईत प्लेग, म्हणजे ग्रंथिक सन्निपात, सुरू झाला. लोक घरेदारे टाकून पळू लागले. हाफकिन साहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या मदतीवर, रात्रंदिवस खपून लस तयार केली. ता. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी अगोदर स्वतःसच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस टोचिले. त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

परंतु सन १९०२ त पंजाबातील मलकोवाल गावी मोठा अनर्थ झाला. एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सर्व दोष हाफकिन साहेबांवर आला व त्यांचे काम गेले. वास्तविक बाटली उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करिताच वापरला गेला होता. मलेरिया डासांवाटे पसरतो हा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आदि विद्वानांनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा सन १९०७ त ते निर्दोष ठरले. एवढा अन्याय सोसूनही ते पुन्हा याच देशात, कलकत्त्यास, कामावर आले! सन १९३० त स्वित्झर्लंडात लोझान येथे ते मरण पावले.

त्यांच्या परळ येथील प्रयोगशाळेस सन १९२५ त हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. त्याच आवारातून पुढे पोलिओच्या थेंबांच्या कुप्या देशभर गेल्या, आणि सन २०१४ त हा देश पोलिओमुक्त ठरला. आपल्या जळगावासही हाफकिन अजिंठा या औषधांच्या कारखान्यास त्यांचेच नाव दिले गेले.

वाचकहो, ज्याने प्रत्येक लस आधी आपल्या अंगी टोचून घेतली, त्याचे स्मरण करून आपली लेकरे वेळेवर टोचून घ्या. आणि टोचणाऱ्या बंधुभगिनींनी मलकोवालचा तो चिमटा कधी विसरू नये.