जॉन न्यूटन : पाप, कृपा आणि आचरण

धम्मबंधू आणि भगिनींनो, आपण ईश्वर मानीत नाही आणि कृपा करून तारणारा कोणी आहे असेही मानीत नाही. तरीही एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चरित्र आपण वाचावे. धर्म स्वीकारल्यावर माणूस खरोखर केव्हा बदलतो, हा प्रश्न या चरित्राने उभा केला आहे.

जॉन न्यूटन याचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. धर्मशील आई तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच क्षयाने वारली. तरुणपणी त्याला सक्तीने आरमारात भरती केले. तेथून पळाला म्हणून त्याने फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे त्याने उपासमार सोसली. १७४८ च्या मार्चमध्ये मायदेशी परतताना त्याचे जहाज वादळात सापडले. मरण समोर दिसताच या नास्तिक, शिवराळ खलाशाने देवाची करुणा भाकली. जहाज वाचले. तो दिवस न्यूटनने जन्मभर आपल्या परिवर्तनाचा दिवस मानला.

पण वाचकहो, पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर नोकरीस लागला. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. आफ्रिकेत माणसे विकत घ्यायची, बेड्या घालून अटलांटिकपलीकडे न्यायची आणि बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. तो खलाशांकडून रविवारची प्रार्थना करवून घेई आणि बंडाचा संशय येताच गुलाम मुलांच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावी. यात त्याला विसंगती दिसली नाही. धंदा सुटला तोही आजारपणामुळे.

ख्रिस्ती मताप्रमाणे पाप ही किरकोळ चूक नसून ईश्वराविरुद्धचे बंड आहे. माणसाला ते स्वतःच्या पुण्याने फेडता येत नाही. येशूच्या बलिदानामुळे ईश्वर जी क्षमा देतो, ती कमावलेली नसते, तीच कृपा. न्यूटन १७६४ मध्ये ओल्नी गावी धर्मोपदेशक झाला आणि १७७३ च्या नववर्षदिनासाठी त्याने याच कृपेवर गीत रचले. ते 'अमेझिंग ग्रेस' होय. पुढे अमेरिकेतील काळ्या बांधवांनी नागरी हक्कांच्या लढ्यातही ते गायले. परंतु गीत रचले तेव्हा या व्यापाराविरुद्ध न्यूटनने जाहीरपणे अवाक्षरही काढले नव्हते.

ते त्याने काढले १७८८ साली, धंदा सोडल्यानंतर ३४ वर्षांनी. एका पुस्तिकेत त्याने जहाजांवरील हाल सांगितले, स्वतःचा सहभाग कबूल केला आणि ही कबुली फार उशिरा येत असल्याचेही मान्य केले. १७९० मध्ये त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. विल्बरफोर्स यांच्या लढ्याला त्याचा आधार होता. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

न्यूटन ढोंगी होता असे मी म्हणत नाही. पापाची तीव्र जाणीव त्याला होती. पण ती देवनिंदेची आणि स्वैराचाराची होती. माणूस विकणे हे पाप त्याच्या यादीतच नव्हते. त्याचा आणि देवाचा हिशेब मिटला; विकल्या गेलेल्यांना मात्र कोणी विचारले नाही. याच धर्मातील क्वेकर पंथीयांनी १७८३ सालीच या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज केला होता. म्हणजे श्रद्धा आड येत नव्हती, आड येत होता तो धंदा आणि समाजाची सवय.

तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. अंगुत्तर निकायात उपासकाला जे पाच व्यापार निषिद्ध सांगितले आहेत, त्यांत सजीवांचा व्यापार आहे. अट्ठकथा त्याचा अर्थ माणसांची विक्री असाच लावते. धम्मात दुसऱ्याला दिलेले दुःख हाच अकुशल कर्माचा पुरावा असतो.

मग आपले काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. तरी लग्न जुळवताना आपण पोटजात विचारतो, घरातील स्त्रीवर हात उगारतो आणि विहारात मात्र पंचशील म्हणतो. न्यूटनला जागे व्हायला चाळीस वर्षे लागली. बंधूंनो, आपल्या दीक्षेला किती वर्षे झाली, हे प्रत्येकाने आपल्या घरात बसून मोजावे.