धूमकेतूंचा शोधक शार्ल मेसिये

पहाटे उठून शेतावर जाणाऱ्या आमच्या वाचकांस आकाश अनोळखी नाही. शुक्राची चांदणी पूर्वेस असते त्या दिवसांत, उजाडण्यास किती अवकाश आहे हे घड्याळावाचून सांगणारे वृद्ध गावोगाव आढळतात. परंतु त्याच आकाशात एखादे शेंडेनक्षत्र उगवले की पुष्कळांच्या काळजात धडकी भरते. राजा मरेल, दुष्काळ पडेल, पटकी येईल, असे लोक पूर्वापार म्हणत आले आहेत. ज्या गृहस्थाने या शेंडेनक्षत्रांची भीती न धरता सारा जन्म त्यांची वाट पाहण्यात घालविला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

शार्ल मेसिये यांचा जन्म २६ जून १७३० रोजी लॉरेन प्रांतातील बादोंव्हिये या गावी झाला. बारा भावंडांत ते दहावे. अकरा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. चौदाव्या वर्षी, म्हणजे १७४४ साली, आकाशात सहा शेपटांचा एक मोठा धूमकेतू प्रकटला. तो पाहून या मुलास आकाशाचे वेड लागले. १७५१ साली ते पोटापाण्यासाठी पॅरिसला गेले. विद्या बेताचीच, परंतु अक्षर वळणदार आणि नकाशे काढण्याचा हात चांगला. तेवढ्या भांडवलावर आरमाराचे ज्योतिषी दलील यांनी त्यांस कारकून म्हणून ठेवून घेतले, व त्यांच्या वेधशाळेत मेसिये हळूहळू दुर्बीण हाताळण्यास शिकले.

१७०५ साली हॅली नामक इंग्रज विद्वानाने गणित करून असे लिहून ठेविले होते की, १६८२ साली दिसलेला धूमकेतू १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. तो खरोखर आला तर धूमकेतू हेही नियमाने फिरणारे खस्थ गोल आहेत, हे सिद्ध होणार होते. दलील यांनी तो कोठे दिसेल याचा नकाशा काढून दिला आणि मेसिये यांस शोधावयास बसविले. धूमकेतू सूर्याजवळ आल्यावरच तेजस्वी होतो. म्हणून त्याचा शोध बहुधा दिवेलागणीनंतर पश्चिमेस किंवा झुंजूमुंजू होण्यापूर्वी पूर्वेस करावा लागतो. मेसिये यांनी सुमारे दीड वर्ष हा क्रम चालविला. परंतु नकाशाच चुकीचा होता!

इकडे १७५८ च्या नाताळाच्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळच्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याने तो धूमकेतू प्रथम पाहिला. दिवसा नांगर धरणाऱ्या आणि रात्री आकाश वाचणाऱ्या या मनुष्याचे नाव आमच्या शेतकरी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. मेसिये यांस ही वार्ता नव्हती. त्यांनी शेवटी नकाशाबाहेर दृष्टी टाकली, तेव्हा २१ जानेवारी १७५९ रोजी त्यांनाही धूमकेतू सापडला. पण ही गोष्ट कोणास सांगू नये, अशी दलील यांची सक्त आज्ञा झाली. मेसिये यांनी ती पाळली. धूमकेतू सूर्यास वळसा घालून पहाटेच्या आकाशात पुन्हा दिसू लागला, तेव्हा १ एप्रिलला ती बंदी उठली. तोवर पालिचचे यश सर्वत्र झाले होते, आणि मेसिये यांच्या जानेवारीतील वेधांवर कित्येक विद्वान विश्वास ठेवीनात. धन्याच्या हट्टापायी चाकराचे श्रम असे मातीस मिळाले. तरीही त्यांनी दुर्बीण सोडली नाही, हे विशेष होय.

पुढे त्यांनी १३ धूमकेतू शोधून काढले. युरोपात सशांना बिळातून हुसकून काढणारा मुंगसासारखा एक प्राणी असतो. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने मेसिये यांस धूमकेतूंच्या बाबतीत त्याच प्राण्याची उपमा दिली.

शोध करताना एक अडचण वारंवार येई. १७५८ च्या ऑगस्टात वृषभ राशीच्या शिंगाजवळ त्यांस एक अंधूक डाग दिसला. तो धूमकेतूसारखाच दिसे, पण रोज पाहिले तरी जागचा हलेना. अशा डागांनी इतरांची फसगत होऊ नये म्हणून मेसिये यांनी त्यांची यादी करण्यास आरंभ केला. १७७१ च्या यादीत ४५ नावे होती. १७८१ पर्यंत ती १०३ झाली. आषाढाच्या पहाटे ढग फाटले असता पूर्वेस जो कृत्तिकांचा पुंजका दिसतो, तो या यादीत ४५ वा आहे. पुष्य नक्षत्रातील तारकापुंज ४४ वा. वृषभातील तो पहिला डाग म्हणजे १०५४ साली चिनी लोकांनी स्फोट पावताना पाहिलेल्या एका ताऱ्याचे अवशेष होत, हे पुढे कळले. देवयानीतील ३१ वा डाग तर आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा असून तिचा प्रकाश येथवर पोहोचण्यास सुमारे २५ लक्ष वर्षे लागतात.

या थोर मनुष्यास संसारसुख मात्र लाभले नाही. मार्च १७७२ मध्ये त्यांची पत्नी व नवजात पुत्र थोड्याच दिवसांच्या अंतराने निवर्तले. १७८१ च्या नोव्हेंबरात बागेत फिरताना ते बर्फ साठविण्याच्या खोल तळघरात पडले. हात, मांडी व बरगड्या मोडल्या. वर्षभर अंथरुणास खिळून राहिल्यावर १७८२ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा दुर्बिणीशी उभे राहिले आणि सूर्यबिंबावरून जाणारा बुध त्यांनी पाहिला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत पगार व निवृत्तिवेतन दोन्ही बुडाली. दिव्यास तेल नाही म्हणून लालांद या स्नेह्याकडून आणावे लागे. त्याच काळात त्यांस सापडलेल्या एका धूमकेतूचा मार्ग त्यांचे मित्र सारों यांनी तुरुंगात बसून गणिताने काढला. धूमकेतू बरोबर त्या जागी आढळला, तेव्हा मेसिये यांनी गुप्तपणे तुरुंगात तसे कळविले. पुढे एप्रिल १७९४ मध्ये सारों यांचा शिरच्छेद झाला.

त्यांच्या एका दोषाचाही उल्लेख करणे आम्हांस उचित वाटते. १७६९ च्या ऑगस्टात त्यांनी शोधलेला मोठा धूमकेतू नेपोलियनच्या जन्माची खूण होता, असे त्यांनी १८०८ साली लिहिले. तेव्हा नेपोलियन सम्राट होता, आणि त्याने मेसिये यांस मानचिन्हही दिले होते. धूमकेतू नियमाने फिरतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यानेच वार्धक्यात राजाच्या मर्जीसाठी त्यास शकुन ठरवावे, ही खेदाची गोष्ट होय. एवढा जाणता मनुष्य जेथे घसरला, तेथे आपण अधिकच सावध असावे. शेंडेनक्षत्राच्या भयाने कोणी लग्न पुढे ढकलू लागला किंवा उताऱ्यास पैसे मागू लागला, तर त्यास हॅली आणि पालिच यांची हकीकत सांगावी.

१२ एप्रिल १८१७ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८६ व्या वर्षी मेसिये यांचे देहावसान झाले. ज्या धूमकेतूंसाठी त्यांनी रात्री जागविल्या, त्यांची नावे आज थोड्यांसच ठाऊक आहेत. पण अडथळा म्हणून टिपून ठेविलेल्या त्या डागांची यादी जगभरचे ज्योतिषी अद्याप वापरतात. हातातील काम लहान, कंटाळवाणे व कोणाच्या खिजगणतीत नसलेले आहे असे ज्यास वाटते, त्याने एखाद्या पहाटे उठून कृत्तिकांकडे पाहावे आणि ते काम नीट लिहून, नीट पार पाडून ठेवावे.