संत एकनाथ आणि देवगडावरील एक रात्र

दौलताबादचा किल्ला तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा तासलेला उभा कडा, भोवतालचा खोल खंदक आणि वर जाण्याचा तो काळोखी वळणांचा मार्ग, ज्यास लोक अंधारी म्हणतात, ही एकदा पाहिली म्हणजे विसरत नाहीत. अंधारीत हाती दिवा नसेल तर पाऊल पायरीवर पडते आहे की पोकळीत, हे चालणाऱ्यास कळत नाही. याच गडावर सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी एका तरुण मुलाने एक रात्र दिव्यापाशी बसून जागून काढली. त्या मुलाचे चरित्र आज येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

एकनाथांचा जन्म गोदावरीतीरी पैठण येथे इसवी सन १५३३ च्या सुमारास झाला. प्रसिद्ध विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. पित्याचे नाव सूर्यनारायण व मातेचे रुक्मिणी. परंतु या दोघांचे छत्र बालपणीच हरपले आणि वृद्ध आजोबा चक्रपाणी यांनी नातवाचा सांभाळ केला. मूल बुद्धिमान होते, तसेच प्रश्न विचारणारे होते. पढलेल्या पाठाने त्याचे समाधान होईना. परंपरा अशी सांगते की, बारा वर्षांच्या वयात एके रात्री शिवालयात बसला असता देवगडास जनार्दनपंतांकडे जावे, असा शब्द त्याच्या कानी आला. आणि घरी कोणासही न सांगता तो निघाला. देवगड म्हणजेच देवगिरी. इसवी सन १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथे राजधानी नेली, तेव्हापासून दौलताबाद हे नाव रूढ झाले होते.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. अहमदनगरच्या निजामशाहीत त्यांजकडे या किल्ल्याचा अधिकार होता. दरबारचे काम चोख करावे आणि उरलेला वेळ ईश्वरचिंतनात घालवावा, असा त्यांचा क्रम असे. त्यांनी या मुलास जवळ ठेवून घेतले, त्यास शास्त्रे शिकविली, आणि फडावरील जमाखर्चाचे कामही सांगितले. अध्यात्माच्या शोधात आलेल्या मुलाच्या हाती गुरूने हिशेबाची वही द्यावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण पुढील प्रसंगाने त्याचे मर्म उघड होते.

महिपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे लिहिली. एकनाथांविषयी पिढ्यानुपिढ्या सांगितली जाणारी एक कथा अशी आहे. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक निघाली. रक्कम क्षुल्लक, कोणी विचारलेही नसते. परंतु एकनाथांस चैन पडेना. सर्व निजल्यावर ते दिवा लावून बसले आणि एकेक कलम पुन्हा ताडून पाहू लागले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजविली. त्या आवाजाने गुरू जागे झाले. कारण कळताच ते प्रसन्न झाले व म्हणाले की, एका पैची चूक हाती लागल्याने जर एवढा हर्ष होतो, तर संसाराच्या हिशेबातील मोठी चूक ज्या दिवशी सापडेल त्या दिवशीच्या आनंदास पार राहणार नाही. याच चिकाटीने आता तिचा शोध घ्यावा.

ही मोठी चूक कोणती? आपल्याकडील वेदान्त्यांनी ती स्वप्नाच्या दृष्टान्ताने सांगितली आहे, आणि एकनाथांच्या भागवतावरील टीकेतही हा दृष्टान्त वारंवार येतो. स्वप्नात मनुष्य नाना विसंगत गोष्टी पाहतो. मेलेले आप्त बोलतात, घराचे दार भलत्याच गावी उघडते. तरी त्यास नवल वाटत नाही. हिशेब जुळत नसतो, पण तपासणारा झोपलेला असतो.

स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे अशी जाणीव होऊ शकते काय? होऊ शकते, आणि याची साक्ष फार जुनी आहे. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४१५ च्या सुमारास एका पत्रात गेन्नादियुस नामक वैद्याची हकीकत लिहिली आहे. या वैद्यास मरणोत्तर जीवनाविषयी शंका असे. स्वप्नात एका तरुणाने त्यास विचारले की, या क्षणी तुझे शरीर कोठे आहे व तुझे डोळे उघडे आहेत की मिटलेले? त्या प्रश्नासरशी आपण शय्येवर निजलो आहो, डोळे मिटलेले आहेत आणि तरीही आपण पाहत आहो, हे त्यास उमगले. तिबेटातील बौद्ध साधक दिवसाही सर्व दृश्य स्वप्नवत् मानण्याचा आणि निजताना जागृतीचा संकल्प करण्याचा अभ्यास शतकानुशतके करीत आले आहेत. शास्त्रीय पुरावा मात्र विसाव्या शतकात मिळाला. इसवी सन १९७५ मध्ये इंग्लंडातील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एका निद्रिस्त मनुष्याने पूर्वी ठरल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे हालवून केलेली खूण यंत्रावर टिपली. स्वप्नाच्या निद्रेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, परंतु डोळे हालतात. म्हणून ही युक्ती साधली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले.

यासाठी जे उपाय सांगतात ते साधे आहेत. उशाशी वही ठेवून जाग येताच स्वप्न लिहावे, म्हणजे आपल्या स्वप्नांत कोणत्या विसंगती वारंवार येतात ते कळते. दिवसातून अनेकदा थांबून, मी जागा आहे की स्वप्नात, असे स्वतःस खरोखरीच विचारावे. एखादी लिहिलेली ओळ वाचून नजर फिरवावी व पुन्हा वाचावी. स्वप्नात ती ओळ बहुधा बदलते. आणि निजताना, पुढील स्वप्नात मला स्वप्नाची आठवण होईल, असा निश्चय करावा. दिवसा जी सवय लागते ती रात्री सोबत येते. भयंकर स्वप्नांनी पीडलेल्या कित्येकांस या अभ्यासाचा उपयोग झाला आहे. मात्र याच्या नादी लागून मुलांनी झोप मोडू नये. पुरेशी निद्रा ही अभ्यासाइतकीच आवश्यक आहे.

पाहा, देवगडावरील त्या रात्रीचा धडा आणि हे उपाय यांचे मूळ एकच आहे. जे जुळत नाही ते जुळत नाही असे ओळखणे, आणि सगळे निजले असले तरी आपण दिवा न विझविणे.

गुरूच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून एकनाथ पैठणास परतले. गिरिजाबाईंशी विवाह करून त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. येथे त्यांस मोठ्या हिशेबातील चूक दिसू लागली. सर्वांच्या ठायी एकच देव आहे असे सारे पैठण पाठ म्हणत होते, आणि तेच पैठण काही माणसांची सावलीही टाळीत होते. या विसंगतीचे कोणास नवल वाटत नव्हते. एकनाथांस वाटले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्याचे मूल रडत होते, त्यास त्यांनी उचलून कडेवर घेतले व घरी पोहोचविले. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी भुकेल्या अंत्यजांस वाढले, तेव्हा ब्रह्मवृंदाने त्यांजवर बहिष्कार घातला. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातल्याची कथाही सर्वश्रुत आहे. या कथा परंपरेने आलेल्या आहेत. परंतु ज्या पुरुषाविषयी लोक अशाच कथा सांगतात, त्याची वृत्ती कशी असेल हे त्यांवरून कळते.

त्यांची ग्रंथरचनाही मोठी आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका त्यांनी १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केली. शिवाय रुक्मिणीस्वयंवर, भावार्थरामायण आणि लोकांच्या बोलीतील भारुडे आहेत. त्यांच्या चरित्रात एक प्रसिद्ध स्वप्नही आहे. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठास लागली आहे ती काढावी, असे सांगितल्यावरून ते आळंदीस गेले, अशी कथा आहे. परंतु स्वप्न सांगत बसणारांपैकी ते नव्हते. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळविल्या, पाठ ताडून पाहिले, मागाहून घुसलेले अपपाठ काढले आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. एका पैसाठी जागलेला तो मुलगाच पन्नाशीत ओवी ओवी तपाशीत होता.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस एकनाथांनी पैठण येथे देह ठेवला. पूर्वी त्याच तिथीस त्यांच्या गुरूंनीही देह ठेवला होता, अशी परंपरा आहे. जनार्दनस्वामींची समाधी दौलताबादच्या गडावर आहे.

आम्ही ख्रिस्ती लोकांनीही या साधुपुरुषाचा आदर केला आहे. अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी महिपतीकृत एकनाथचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या शास्त्रातही जागृत राहा ही आज्ञा पुन्हा पुन्हा आली आहे. तेव्हा मुलांनो, पुढील सहलीत अंधारीतून जाताना त्या दिव्याची आठवण ठेवा. आणि घरी परतल्यावर आपल्या दिनक्रमाची वही उघडून, न जुळणारे एक तरी कलम शोधून काढा. पालकांनी ते काम मुलांसमवेत करावे, म्हणजे दोघांसही लाभ होईल.