एसकेएक्स००७ बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक हेच घड्याळ का शोधतात? गोष्ट किंतारो हात्तोरीची

माझगावला लागून दारूखाना आहे. नावावर जाऊ नका. इथली दारू म्हणजे बंदुकीची दारू, तिचं कोठार कधीकाळी इथे होतं. आता इथे जुनी जहाजं तोडतात. जहाज तुटलं की लोखंड भट्टीकडे जातं आणि उरलेलं सामान दुकानांत येतं. पितळी दिवे, कंपास, दुर्बिणी, भोंगे आणि घड्याळं. या घड्याळांच्या तबकडीवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं, सेको.

सँडहर्स्ट रोडचा पूल ओलांडून पलीकडे चोरबाजारात गेलात तरी हेच नाव भेटतं. तिथे ते मनगटी घड्याळावर असतं आणि विकणारा त्याला ‘सिको’ म्हणतो. जुनं ऑटोमॅटिक सेको हातात घेऊन हलवायचं, कानाला लावायचं आणि मग भाव करायचा, ही मुंबईतली कित्येक दशकांची रीत आहे.

या कंपनीचं एक मॉडेल मात्र घड्याळवेड्यांच्या जगात वेगळ्याच पातळीवर जाऊन बसलंय. एसकेएक्स००७. हे १९९६ मध्ये आलं आणि २०१९ च्या सुमारास बंद झालं. म्हणजे हे काही शंभर वर्षांचं दुर्मीळ घड्याळ नाही. त्यात सोनं नाही, हिरा नाही. नवं होतं तेव्हा परदेशात साधारण दोनशे डॉलरला मिळायचं. तरीही ते बंद झाल्याची बातमी पसरली, तसे भाव चढू लागले आणि वापरलेली, ओरखडे पडलेली घड्याळंही लोक हौसेने घेऊ लागले.

हे डायव्हर घड्याळ आहे, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. २०० मीटरपर्यंतचा पाण्याचा दाब सोसणारं. बाहेरची कडा एकाच दिशेने फिरते. पाण्यात उतरताना कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती मिनिटं झाली ते कळतं. धक्का लागून कडा सरकली, तरी ती उलटी फिरत नाही. त्यामुळे चूक झालीच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. म्हणजे माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. जीव वाचवणारी युक्ती इतकी साधी असू शकते.

त्यात उणिवाही भरपूर. आतल्या ७एस२६ यंत्राला हाताने चावी देता येत नाही. वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होणं नेहमीचंच. पण हे यंत्र वर्षानुवर्षं कुणी उघडलं नाही तरी चालत राहतं, आणि सुटे भाग इतके सहज मिळतात की काटे, तबकडी, काच बदलून आपल्या मनासारखं घड्याळ करून घेण्याचा एक वेगळा छंदच त्याच्याभोवती उभा राहिला. स्वस्तातल्या घड्याळाला महागड्याचे नियम लावून बनवलं होतं, हे त्याच्या प्रेमात पडलेल्यांचं खरं कारण. २०१९ मध्ये त्याची जागा घेणारी नवी ‘सेको ५ स्पोर्ट्स’ मालिका आली. तिचं यंत्र जास्त चांगलं, चावीही देता येते. पण पाण्याची क्षमता २०० वरून १०० मीटर झाली आणि आट्यांची चावी गेली. जुन्या चाहत्यांना हे लागलं, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही.

तर हा जो भरवसा आहे, कमी पैशांत फसवणूक होणार नाही हा, तो आला कुठून? त्यासाठी अशा माणसाकडे जावं लागतं, ज्याने डायव्हर घड्याळ आयुष्यात बनवलं नाही. सेकोचं पहिलं डायव्हर घड्याळ आलं १९६५ मध्ये. हा माणूस त्याच्या ३१ वर्षं आधीच गेला होता.

किंतारो हात्तोरी. जन्म ९ ऑक्टोबर १८६०, टोकियोच्या क्योबाशी भागात. तेव्हा शहराचं नाव एदो होतं. वडील जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करायचे. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने सेकोच्या मालकाचा बाप चोरबाजारातला दुकानदारच. पोरगा एकुलता एक. तरी वयाच्या बारा-तेराव्या वर्षी त्याला परदेशी माल विकणाऱ्या एका दुकानात उमेदवारीला ठेवलं.

त्या दुकानाजवळ घड्याळाचं एक दुकान होतं. किंतारोने एक गोष्ट पाहिली. पाऊस आला की बाकी सगळ्या दुकानांत गिऱ्हाईक येईनासं होतं आणि माणसं माश्या मारत बसतात. घड्याळाच्या दुकानातली माणसं मात्र खाली मान घालून दुरुस्तीची कामं उरकतात. त्यांचा दिवस वाया जात नाही. घड्याळ विकण्यात पैसा आहेच, दुरुस्तीतही आहे आणि पावसातही आहे. पोराने तिथेच आयुष्याचा धंदा ठरवला. मुंबईच्या पावसाळ्यात दुकान चालवणाऱ्या कुणालाही हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

काळही तसाच होता. १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर स्वीकारलं आणि त्याबरोबर २४ सारख्या तासांचा दिवसही आला. त्याआधी तिथे उजेडाचे सहा आणि अंधाराचे सहा भाग असत आणि ऋतूप्रमाणे त्यांची लांबी बदलायची. आता आगगाडी, शाळा, कचेऱ्या, सगळं घड्याळावर आलं आणि देशभरात अचानक घड्याळं लागू लागली. ती सगळी बाहेरून यायची.

किंतारोने दोन घड्याळजींकडे काम शिकून घेतलं. १८७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, घरावरच दुरुस्तीची पाटी लावली. दिवसा दुसऱ्याच्या दुकानात नोकरी आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम. १८८१ मध्ये स्वतःचं दुकान काढलं, के. हात्तोरी. लिलावातून, गहाणवटीच्या दुकानांतून बिघडलेली घड्याळं स्वस्तात घ्यायची, नीट करायची आणि विकायची. दोन वर्षांत दुकान आगीत गेलं. त्याने पुन्हा उभं केलं.

पुढचा टप्पा योकोहामाचा. हे जपानचं तेव्हाचं परदेशी व्यापाराचं बंदर. तिथल्या युरोपियन पेढ्यांकडून घड्याळं उधारीवर मिळायची. ठरलेल्या दिवशी पैसे चुकते करायचे असा नियम होता, पण बरेच जपानी व्यापारी तो फारसा मनावर घ्यायचे नाहीत. सण आला, की नंतर बघू. हात्तोरी मात्र ठरल्या तारखेला पैसे पोचवायचा. एकदाही चुकवलं नाही. परिणाम काय झाला? नवा माल आला की पेढ्या आधी त्याला दाखवू लागल्या. इतरांना मिळत नाही इतकी मोठी उधारी त्याला मिळू लागली. आज त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात. १८८७ पर्यंत दुकान गिंझासारख्या भारी वस्तीत पोचलं.

पण दुसऱ्याने बनवलेली घड्याळं किती दिवस विकायची? १८९२ मध्ये त्याने सेकोशा नावाचा कारखाना काढला. सोबत होता त्सुरुहिको योशिकावा नावाचा अफलातून कारागीर-इंजिनिअर. ही जोडी महत्त्वाची आहे. हात्तोरीला बाजार कळायचा, योशिकावाला यंत्र. सुरुवातीला दहा-एक माणसं होती आणि बनवायचं होतं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. पुढच्याच वर्षी जागा पुरेना म्हणून कारखाना हलवला आणि वाफेचं इंजिन बसवलं.

त्याच १८९३ मध्ये मुंबईतही एक घटना घडली. जपानी जहाज कंपनी निप्पॉन युसेन काइशाने मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. त्यामागे जमशेटजी टाटा होते, कारण इंग्रजांची पी अँड ओ कंपनी कापसाच्या वाहतुकीचे मनमानी दर लावत होती. मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या जपानला जाऊ लागल्या. म्हणजे हात्तोरी कारखाना उभा करत होता, तेव्हा मुंबई आणि जपान यांच्यात थेट बोट सुरू झाली होती. घड्याळांच्या बाबतीत मात्र इथे स्विसांचंच राज्य होतं. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत ठाण मांडून होती. तिचं ‘सी किंग’ पुढे कित्येक मराठी घरांत लग्नात जावयाच्या मनगटावर चढलं.

इकडे सेकोशाने १८९५ मध्ये ‘टाइमकीपर’ हे खिशातलं घड्याळ काढलं. हात्तोरी स्वतः युरोप-अमेरिकेचा दौरा करून आला, तिथले कारखाने पाहिले, यंत्रं विकत घेतली. तरी खिशातल्या घड्याळातून नफा यायला बरीच वर्षं गेली. भिंतीच्या घड्याळांनी कमवायचं आणि छोट्या घड्याळांनी खायचं, असं चाललं होतं. १९१३ मध्ये ‘लॉरेल’ आलं, जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ. सुरुवातीला दिवसाला ३०-५० नगच निघायचे. मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन घड्याळं बाजारातून गेली आणि ब्रिटन-फ्रान्सकडून गजराच्या घड्याळांच्या प्रचंड ऑर्डरी आल्या. हात्तोरीने कच्चा माल आधीच भरून ठेवला होता.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी. टोकियो-योकोहामा परिसरात महाभयंकर भूकंप झाला. घराघरांत दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. आगी लागल्या आणि शहर जळत राहिलं. एक लाखाहून जास्त माणसं गेली. सेकोशाचा कारखाना जळाला. कंपनीची कचेरी जळाली. हात्तोरीचं राहतं घर जळालं. त्याचं वय तेव्हा ६२.

या राखेत आणखी एक गोष्ट होती. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला दिलेली सुमारे १५०० घड्याळं. नैसर्गिक आपत्तीत गिऱ्हाइकाचा माल गेला, तर हात वर करायला कुणालाही निमित्त होतं. शहरच जळलेलं असताना घड्याळ मागायला येणार कोण? बहुतेकांच्या पावत्याही जळाल्या असणार.

हात्तोरीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ज्यांनी आमच्याकडे घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, त्यांनी कळवावं, तशाच दर्जाचं नवं घड्याळ दिलं जाईल. आणि दिली. कारखाना नाही, यंत्रं नाहीत, उत्पन्न बंद, अशा अवस्थेत नवी घड्याळं फुकट वाटली. काहींच्या मते ही धंद्याची हुशारी होती. असेलही. पण तीस-एकतीस वर्षांचं काम राख झालेलं असताना अशी हुशारी सुचायला मन वेगळं लागतं.

वर्षभरात कारखाना पुन्हा चालू झाला आणि १९२४ च्या डिसेंबरात जे नवं मनगटी घड्याळ आलं, त्याच्या तबकडीवर पहिल्यांदा छापलं होतं ‘सेको’. दारूखान्यातल्या घड्याळांवर दिसतं तेच नाव. ते भूकंपानंतरचं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पुढचा काळ मानमरातबाचा. १९२७ मध्ये तो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेला. १९२९ मध्ये सेकोचं खिशातलं घड्याळ रेल्वेने अधिकृत म्हणून स्वीकारलं. १९३० मध्ये, सत्तरीत, ३० लाख येन देऊन त्याने विज्ञान आणि समाजकार्यासाठी संस्था काढली. १९३२ मध्ये गिंझाच्या चौकात घड्याळाचा मनोरा असलेली नवी इमारत पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून ती वाचली आणि आजही उभी आहे. १ मार्च १९३४ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी किंतारो हात्तोरी गेला.

त्याच्या मागे मुलं-नातवंडांनी धंदा वाढवला. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक सेकोने मोजलं, १९६५ मध्ये डायव्हर घड्याळ आलं, १९६९ च्या नाताळात जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणून त्यांनी स्विसांची झोप उडवली. भारतात सरकारी एचएमटीने हात मिळवला होता सेकोच्या प्रतिस्पर्धी सिटिझनशी. सेकोने पुढे हैदराबादच्या ऑल्विनबरोबर काम केलं. बाकी आयात घड्याळांवर इतकी बंधनं होती, की एका पिढीसाठी सेको म्हणजे गल्फमधून आलेल्या मामाच्या बॅगेतून निघणारी वस्तू होती.

आणि आता जरा कडू गोष्ट. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द चालतो आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या सेकोची तबकडी पुन्हा रंगवायची, भडक लाल-निळी करायची, तीन घड्याळांचे भाग जोडून एक बनवायचं आणि मूळचं म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं, त्याला हे नाव पडलंय. त्यात एक अन्यायही आहे. हीच घड्याळं चालू ठेवणारा कारागीर काही कमी हुनरचा नसतो, आणि रंगवलेली तबकडी रंगवलेली म्हणून विकली तर त्यात वाईट काहीच नाही. घोळ होतो तो ‘ओरिजिनल’ या शब्दापाशी. आता एसकेएक्सही त्याच वाटेवर आहे, कारण त्याचे भाग सगळीकडे मिळतात.

म्हणून कुणी एसकेएक्स दाखवलं, तर आधी ते उलटं करा. मागच्या झाकणावर सहा आकडी अनुक्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो, दुसरा महिना. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरसाठी इंग्रजी एन आणि डी ही अक्षरं. मग तबकडीच्या तळाशी भिंग लावून बारीक अक्षरांतला क्रमांक वाचा. झाकणावरच्या केसच्या क्रमांकासारखाच तोही ७एस२६ ने सुरू होतो का ते पाहा. कडा फिरवून बघा, पूर्ण फेऱ्यात १२० टिकटिक व्हायला हव्यात. आणि विकणाऱ्याने झाकण उघडायला नकार दिला, तर चहा पिऊन पुढच्या दुकानात जा.