चित्रवेडा होकुसाई

जपानमधील एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, इ. स. १७६० मध्ये होकुसाईचा जन्म झाला. बालपणापासून दिसेल ती वस्तू रेखाटण्याचा त्याला छंद होता. त्या काळी तेथे लाकडी ठशांवरून चित्रे छापीत. चित्रकाराचा पातळ कागद फळीवर चिकटवून कोरणारा रेषा तेवढ्या उंच राखी आणि बाकीचे लाकूड कोरून काढी. मग प्रत्येक रंगाचा निराळा ठसा करून छापणारा एकाच कागदावर सारे रंग उमटवी. होकुसाई पोरवयात हे कोरीव काम शिकला. पुढे तो शुन्शो या नामांकित चित्रकाराचा शिष्य झाला.

गुरूच्या मृत्यूनंतर त्याने ती चित्रशाळा सोडली. एकाच साच्यातील चित्रे काढीत राहणे त्याला रुचेना. त्याने निरनिराळ्या शैली अभ्यासल्या. युरोपातील चित्रांवरून जवळचे व दूरचे दाखविण्याची रीतही तो शिकला. नवी वाट धरली की तो बहुधा नवे नाव घेई; अशी तीसांहून अधिक नावे त्याने घेतली.

साठी उलटल्यावर आजारपण, पत्नीचा मृत्यू आणि नातवाने केलेले कर्ज अशी संकटे त्याच्यावर कोसळली. तरीही सत्तरीच्या सुमारास त्याने फूजी पर्वताची छत्तीस दृश्ये काढण्यास प्रारंभ केला. ती इतकी लोकप्रिय झाली, की त्यांत आणखी दहांची भर पडली. निळ्या लाटेचा प्रचंड जबडा, त्याखाली हेलकावणाऱ्या होड्या आणि दूरवर इवलासा फूजी, हे चित्र पुढे जगभर गाजले.

होकुसाईचे समाधान मात्र झाले नाही. सत्तरीपूर्वीचे आपले काम नाव घेण्याजोगे नाही, शंभरी गाठली तर कदाचित खरी कला साधेल, असे त्याने १८३४ मध्ये लिहिले. १८३९ च्या आगीत त्याची कितीतरी चित्रे भस्मसात झाली. पण त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला.

त्याची मुलगी ओई हीही चित्रकार होती. हात मनासारखा चालत नाही, म्हणून एक शिष्य एकदा खिन्न झाला. तेव्हा ती हसली. ऐंशी वर्षांचे आपले वडीलही परवा, साधे मांजर काढता येत नाही म्हणून रडले, असे तिने त्याला सांगितले. स्वतःच्या उणिवेची अशी खंत वाटू लागते, तेव्हाच प्रगतीला आरंभ होतो, असे ती म्हणाली. जवळच बसलेल्या होकुसाईने मान डोलावली.

१८४९ मध्ये तो मरण पावला. आणखी पाच वर्षे लाभली असती, तर आपण खरे चित्रकार झालो असतो, हीच त्याची अखेरची हळहळ होती, असे सांगतात.