लुई ब्रेल

मुलांनो, अंधारात तुम्हांला पुस्तक वाचता येईल का? डोळ्यांनी येणार नाही, पण बोटांनी येईल! ही सोय लुई ब्रेल यांनी केली.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर बनवत. तीन वर्षांचा लुई एकदा त्यांच्या दुकानात खेळत होता. तेव्हा चामडे टोचण्याचे अणकुचीदार हत्यार त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली. दुसरा डोळाही बिघडला आणि पाचव्या वर्षी लुई पूर्ण आंधळा झाला.

तरी आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. ती चाचपून वाचायला फार वेळ लागे. शार्ल बार्बिए यांनी बारा ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नसत. लुईने रात्रंदिवस खटपट केली. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने फक्त सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. या सहा ठिपक्यांपासून ६३ खुणा होतात. अक्षरे, अंक, संगीतसुद्धा त्यांत लिहिता येते. टोकदार हत्याराने लुईची दृष्टी गेली होती. टोकदार लेखणीनेच तो आता कागदावर ठिपके उमटवू लागला.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. पण १८४० साली नव्या प्रमुखांनी त्यांच्या लिपीवर बंदी घातली. मुले मात्र ती चोरून लिहीत राहिली. शेवटी १८४४ साली शाळेने ती लिपी मान्य केली. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्स सरकारने ही लिपी स्वीकारली.

आज संगणकाला जोडलेल्या यंत्रावरही हे ठिपके उठतात. त्यांवर बोटे फिरवून अंध मुले धडे वाचतात, शब्दांचे खेळही खेळतात.

आणि एक गंमत पाहा. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता, मराठी डावीकडून उजवीकडे. ब्रेलमध्ये मात्र दोन्ही भाषा डावीकडून उजवीकडेच वाचतात. आपल्या देशात मराठीचा ‘क’ आणि उर्दूचा ‘काफ’ यांसाठी ठिपकेही तेच आहेत! आता सांगा, तुमच्या वर्गात एखादा अंध मित्र आला, तर तुम्ही त्याच्यासाठी कोणता खेळ तयार कराल?